दुपारचा वेग

परभणीच्या स्टेशन रोडवरच्या दुकानदारानं मला तीनदा बजावलं, की मॅडम, हा प्रोसेसर घेऊ नका, पस्तावाल. मी तीनदा ऐकून घेतलं आणि तोच कपाटातून काढायला लावला. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझ्या विषयातलं मला कुणी समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आई याला दुर्गुण म्हणते. मला तो गुण वाटतो, निदान त्या दिवशी तरी वाटत होता.

संगणक वडिलांना हवा होता, आणि तोही गेम खेळायला. हे ऐकल्यावर दुकानदार आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून किमतींचा कागद पुढं सरकवायला लागला.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी एक्स्प्रेस. निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना नेहमीच्या तपासणीत एका डोळ्याची दूरची नजर चष्मा लावूनही पुरेशी भरेना. त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि ऑफिसात टेबलावर बसवलं. तिथं सहा वर्षं त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या. निवृत्त होऊन सेलूच्या घरी आले तेव्हा त्यांचं बोलणं जवळजवळ संपलेलं होतं. आमच्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर, पण ते बाजारात जायलासुद्धा लांबचा रस्ता धरत. जेवताना गाडीचा हॉर्न ऐकू आला की त्यांचा हात ताटात थांबे, आणि गाडी निघून गेली की पुढचा घास तोंडात जाई. मला ते बघवत नसे. मी लग्न केलं नाही, घरातच असते, त्यामुळं रोज दोन वेळा बघावं लागे.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या जुन्या संगणकावर रेल्वे चालवायचा खेळ टाकला. खेळ परदेशी, पण आपल्याकडच्या कुणा हौशी लोकांनी त्यात आपली इंजिनं, आपली स्टेशनं, आपले सिग्नल बनवून घातलेले. मी मुद्दाम त्यांच्या समोर बसून गाडी चालवायला लागले आणि मुद्दाम वाईट चालवली. बाबा पेपर वाचत होते. तिसऱ्या स्टेशनात मी ब्रेक मारला तेव्हा त्यांना राहवलं नाही. ब्रेक असा एकदम ओढत नसतात, मागं माणसं बसलेली असतात, असं म्हणत ते उठले आणि मला खुर्चीवरून उठवलं. पाऊण तास ते खुर्चीतून हलले नाहीत. दूरचा सिग्नलही पडद्यावर शेवटी दोन फुटांवरच असतो. तेवढं बघायला त्यांचा वाचायचा चष्मा पुरत होता.

पण माझा संगणक म्हातारा होता. स्टेशन जवळ आलं की घरं, झाडं, खांब सगळं एकदम उभं करायचं त्याला झेपेना आणि चित्र अडखळायला लागे. बाबांनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "ह्याच्यावर न्हाई जमायचं मला. टेसन आलं की आंधळं होतंय हे."

डोळ्यापायी ज्याची गाडी गेली त्या माणसाला मी आंधळं यंत्र दिलं होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, की बाबांना न अडखळणारा संगणक जोडून द्यायचा. बाबा पुन्हा गाडी चालवतील की पुन्हा पेपरात तोंड घालतील, हे आता माझ्या हातात होतं, आणि माझ्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हती.

आता प्रोसेसरचं. दुकानदाराचं म्हणणं असं, की आजकाल सगळे जास्त कोअरवाला घेतात, हा बघा सोळा कोअरचा, दहा वर्षं बघायला नको. मी त्याला विचारलं, कापूस वेचायला सोळा बाया लावल्या तर वावर लवकर उरकतं, पण बैलगाडी हाकायला सोळा जण बसवले तर ती लवकर पोचते का? कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामकरी, आणि हा खेळ सगळं ओझं एकाच कोअरवर टाकतो. बाकीचे नुसते बसून राहतात. मला गर्दी नको होती. मला एकच हवा होता, पण तो पळणारा.

दुसरा मुद्दा कुलुपाचा. काही प्रोसेसरांचा वेग कंपनी ठरवते आणि तिथंच कुलूप लावते. काही खुले सोडलेले असतात. त्यांचा वेग आपण आपल्या जबाबदारीवर वाढवू शकतो, आणि त्यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. दुकानदाराला शब्द माहीत होता, पण परभणीत कुणी ते करण्यासाठी प्रोसेसर मागितला नव्हता. तो म्हणाला, ते पुण्याकडचे लोक करतात, आपल्याकडं ऊन किती, लाइट कशी. मी म्हटलं, लाइटसाठी यूपीएस आहे. उन्हाबद्दल मी काहीच बोलले नाही. ते मला तेव्हा उत्तर द्यायच्या लायकीचं वाटलं नाही.

शेवटी मला हवा तो खुला, आठ कोअरचा प्रोसेसर त्याच्याकडं निघाला. एक नाही, दोन नग. मग मी त्याला असं काही सांगितलं की तो कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. मी म्हटलं, दोन्ही तुमच्या टेस्टिंगच्या बोर्डावर लावून दाखवा, मी त्यातला एक निवडणार. तो म्हणाला, मॅडम, एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा माल, त्यात काय निवडायचं? आता हे मात्र खरंच सांगण्यासारखं आहे. एकाच पिशवीतलं बियाणं एकाच दिवशी पेरलं तरी सगळी झाडं सारखी येत नाहीत. तसंच यांचं. वेग वाढवायला एकाला जास्त व्होल्टेज लागतं, दुसऱ्याला कमी. ज्याला कमी लागतं तो कमी तापतो, आणि कमी तापतो तो जास्त पळतो.

तासभर लागला. पहिला नग चार पॉइंट सात गिगाहर्ट्झच्या वेगाला टेकीला आला. दुसरा त्याच वेगाला कमी व्होल्टेजमध्ये आरामात चालला. दुकानदार आधी घड्याळ बघत होता, मग आकडे बघायला लागला, आणि शेवटी तोच मला म्हणाला, की अजून थोडं वाढवून बघू का. निघताना त्यानं चहा पाजला. पस्तावाल हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. मी दुसरा नग घेऊन सेलूच्या गाडीत बसले आणि तो डबा घरापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

जानेवारीत सगळं जोडलं. वेग एकदम वाढवत नसतात. शंभर शंभर मेगाहर्ट्झनं वर न्यायचा, दर टप्प्याला तासभर जड काम द्यायचं, तापमान बघायचं, मग पुढं. मी चार पॉइंट आठवर थांबले. भर कामात तापमान बहात्तर. पुस्तकात दाखवावं असं काम झालं होतं. दर सेकंदाचं तापमान आणि वेग आपोआप लिहून ठेवणारा लॉगही मी चालू ठेवला, खरं सांगायचं तर कौतुकानं. अधूनमधून उघडून स्वतःचीच पाठ थोपटायला बरं पडे.

बाबांची दिनचर्याच बदलली. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, नऊला खुर्चीवर. नुसत्या बनियनवर ते कधी गाडीला बसले नाहीत. एक फेरी दोन तासांची. बारीकसा झटकाही नाही. स्टेशनात गाडी अशी उभी करत, की ताटातलं वरण हललं नसतं. जेवताना बोलायला लागले. कुठल्या चढाला इंजिन कसं ओढतं, कुठल्या वळणावर कधी हॉर्न द्यायचा. आई म्हणाली, ह्या माणसाच्या तोंडात एवढे शब्द होते हे मी लग्नाआधीपासून ऐकून होते, बघायला आत्ता मिळालं. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही. आयटीआयतल्या बाया पैठणी दाखवतात तसा मी येणाऱ्याजाणाऱ्याला संगणक दाखवत होते.

एप्रिल उजाडला तेव्हा सकाळची फेरी बाबांना पुरेना. त्यांनी दुपारचीही धरली.

एका दुपारी मी पलीकडच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. ते लाल सिग्नलच्या पुढं गेले होते. पुढं स्टेशन, रुळावर दुसरी गाडी. खेळातच, पण आवाज त्यांचा खरा कापत होता. वळणावर आधी सावध करणारा पिवळा दिसायला हवा होता, तो आलाच नाही, एकदम तोंडावर लाल आला, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मशीन ठीक हाय ना तुजं? मधी काही अडकलं-बिडकलं न्हाई ना?"

मी मान वर केली नाही. "मशीनला काही झालेलं न्हाई, बाबा. मी सोता तपासलंय ते."

बरं, म्हणाले आणि गेले. मी पुढची उत्तरपत्रिका घेतली.

संध्याकाळी बघते तर संगणकावर चादर घातलेली. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या ड्रायव्हरला रेल्वेत तिथल्या तिथं गाडीवरून उतरवतात. त्याचा लेखी जबाब घेतात, चौकशी होते, आणि ती संपेपर्यंत तो इंजिनाला हात लावत नाही. बाबांनी स्वतःला उतरवलं होतं. जबाब लिहून शर्टाच्या खिशात ठेवला होता. चौकशी करायला कोणी नव्हतं, त्यामुळं ती संपणारही नव्हती. मी हसले. अहो खेळ आहे तो, पुन्हा सुरू करा की, म्हटलं. त्यांना हसू आलं नाही.

"गाडी खोटी हाय," ते म्हणाले. "डोळा खोटा न्हाई."

जेवणानंतर आपल्याला डुलकी लागली असावी किंवा नजरच गेली असावी, अशी त्यांची खात्री झाली होती. डॉक्टरांनी काढलं ते बरोबरच काढलं, असं ते आईला म्हणाले. इतकी वर्षं ते मनातून त्या तपासणीवर नाराज होते हे आम्हाला त्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवशी त्यांनी तिचा निकाल मान्यही केला. पंधरा दिवस चादर निघाली नाही. हॉर्न वाजला की हात पुन्हा ताटात थांबायला लागला. मी समजावत होते, चिडत होते, वय झालंय, होतं असं, असंही एकदा बोलून गेले. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिन्यात सुट्टी लागली. एका दुपारी मला एक चित्रण संपादित करायचं होतं म्हणून मी चादर काढली. बाबा आतल्या खोलीत पडले होते. दोन वाजलेले, पत्रा तापून खोलीत भट्टी झालेली. काम सुरू करून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात समोरचं चित्र थिजलं. एक, दोन, तीन, चार. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढं सरकलं.

बाबांनी लाल सिग्नल ओलांडला त्या दिवसाचा लॉग मी शोधला. पंधरा दिवस तो तिथंच होता. मी तो उघडला नव्हता, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. दोन वाजून सतरा मिनिटांनी तापमान शंभरला टेकलं होतं. प्रोसेसर जळू नये म्हणून बोर्डानं वेग चार पॉइंट आठवरून पॉइंट आठवर पाडला होता. चार सेकंद. शंभराच्या वेगानं जाणारी गाडी चार सेकंदांत शंभर मीटरच्या वर जाते. झाडाआडच्या वळणावरचा पिवळा सिग्नल त्या शंभर मीटरांत येऊन मागं गेला होता. पडद्यावर तो उमटलाच नव्हता. बाबांना दिसणार कुठून?

मी जानेवारीत थंड सकाळी तपासलेला वेग एप्रिलच्या दुपारी चालवायला दिला होता. आमच्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीस ऊन पडतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला नव्हतं असं नाही. पण ज्यांची परीक्षणं वाचून मी आकडे ठरवले ती माणसं गार खोल्यांत बसून लिहितात, आणि मी परभणी जिल्ह्यात जन्म काढून त्यांच्या खोलीतलं तापमान धरलं. प्रोसेसरची निवड चुकली नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. माझी चुकलेली गोष्ट वेगळी होती. मला विचारलं तेव्हा मी मान वर केली नव्हती.

क्षणभर वाटलं, वेग गुपचूप उतरवावा, बाबांना गोड बोलून पुन्हा बसवावं. कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांचा डोळा मग कायमचा गुन्हेगार राहिला असता. मी आतल्या खोलीत गेले, त्यांना उठवलं आणि संगणकासमोर आणून तो आकडा दाखवला. सगळं सांगितलं. चूक माझी, तुमचा डोळा चांगला आहे, हेही.

बाबांनी तो पॉइंट आठचा आकडा चष्मा लावून वाचला. मग खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांचा जबाब. वर लिहिलेलं, 'पिवळा सिग्नल आला नाही.' त्यावर एक आडवी रेघ. खाली, 'पिवळा सिग्नल माझ्या नजरेतून सुटला.'

"जे दिसलं तेच आधी लिवलं व्हतं," ते म्हणाले. "तू म्हणलीस मशीन ठीक हाय. मग खोडलं."

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही. बाबांनी रडू दिलं, आणि मग चौकशी करणाऱ्या साहेबासारखे माझ्यासमोर बसले. हा वेग तपासला कधी? जानेवारीत. किती वाजता? सकाळी. दुपारी एकदाही नाही? नाही. त्यावर ते पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. रुळाचा वेगसुद्धा उन्हाळ्याच्या दुपारी वेगळा असतो, म्हणाले. लोखंड तापून फुगतं, म्हणून कुठून कुठपर्यंत किती सावकाश जायचं ते एका चिठ्ठीवर लिहून गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या हातात देतात आणि त्याची सही घेतात. कॉशन ऑर्डर म्हणतात तिला. रूळ तोच, गाडी तीच. तेवढ्यासाठी रूळ बदलायला कोणी निघत नाही.

मग पाच दिवस आम्ही दोघं भर दुपारी दोन वाजता त्या भट्टीत बसलो. आईनं पाण्याचा कूलर आणून संगणकाकडं वळवला, तो मी परत तिच्याकडं वळवला, कारण ओली हवा आत गेली असती तर होतं तेही गेलं असतं. मी वेग शंभर शंभरनं खाली आणत होते, बाबा वहीत तापमान उतरवत होते. चार पॉइंट तीनला तो तासभर अठ्ठ्याऐंशीच्या वर गेला नाही. मी म्हटलं, झालं. बाबा म्हणाले, अजून एक तास. मी वाद घातला नाही. मग मी चिठ्ठी लिहिली, दुपारी बारा ते पाच, चार पॉइंट तीन, आणि बाबांनी तिच्यावर सही केली.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी मागच्या पलंगावर बसून आकडे बघायला लागले, तर त्यांनी मला बोलावून शेजारी खुर्ची मांडायला लावली. इंजिनात कधी एकटा माणूस नसतो, म्हणाले. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं रंग बोलतो आणि शेजारच्या असिस्टंटनं स्वतः बघून तो परत बोलायचा असतो. ड्रायव्हर म्हणाला म्हणून नाही, स्वतः बघून. इतके महिने ते एकटेच चालवत होते आणि तेच चुकत होतं.

गाडी सुटली. पहिली दोन स्टेशनं गेली. मग ते झाडाआडचं वळण आलं. बाबांचे हात स्थिर होते, नजर वळणावर.

"पिवळा," बाबा म्हणाले, आणि थांबले.

मी तापमानाच्या आकड्यावरून नजर काढली आणि वळणाकडं बघितलं. नीट बघितलं.

"पिवळा, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ब्रेक लावायला घेतला.